‘काढून घेतली’ म्हणजे काढली कुणी?

सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या सांगलीच्या वस्तीतील विहारात दर रविवारी धम्मवर्ग भरतो. त्या वर्गातील एकोणीस मुले-मुली घेऊन मागच्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो होतो. सकाळी कराडजवळ आगाशिवचा डोंगर चढून जखीणवाडीची लेणी पाहिली, मग मसूर, रहिमतपूर करीत दुपारी औंध गाठले. पोरांचे पाय दुखत होते, पण संग्रहालयात शिरल्यावर त्यांचे डोळे टवटवीत झाले. हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे शिल्प खटाव तालुक्यातल्या एका गावात पाहायला मिळते, याचेच त्यांना मोठे नवल वाटले. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे त्यांनी पाहिली. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचा विषय निघाला तेव्हा सातवीतल्या एका मुलीने मला विचारले,

“सर, अजिंठ्याची ही चित्रं कुणी काढली?”

मी घाईत होतो. म्हणालो, “औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी काढून घेतली.”

ती थांबली. मग म्हणाली, “काढून घेतली म्हंजी काढली कुणी?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तीस वर्षे चळवळीत भाषणे ठोकणाऱ्या माणसाला एका बारा वर्षांच्या मुलीने गप्प केले. ज्याने हुकूम दिला त्याचे नाव माझ्या जिभेवर होते आणि ज्याने कुंचला धरला त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, एवढेच नव्हे तर ते विचारावे हेही मला सुचले नव्हते. इतिहास राजांचा नसून श्रमणाऱ्यांचा आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. पण बोलायची वेळ आली की आपल्याही तोंडून राजाच बाहेर पडतो. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नावर आहे.

औंधच्या राजांबद्दल आकसाने लिहिण्याचे कारण नाही. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा त्यांनीच दिली. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी तिथूनच उभी राहिली. १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना त्यांनी लागू केली, आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ साली, आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले, तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. एका ब्राह्मण संस्थानिकाला बौद्ध लेण्यांचे एवढे मोल वाटले, ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे. पुस्तकावर नाव अर्थातच राजांचे आहे.

अजिंठ्याच्या नकलांचा इतिहासच मुळी असा आहे. १८४० च्या दशकात रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कंपनी सरकारच्या हुकमाने नकला सुरू केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात बसले. कंदिलाच्या, आरशाच्या उजेडात नकला केल्या त्या पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या देशी पोरांनी. जग मात्र त्यांना ‘ग्रिफिथ्सच्या नकला’ म्हणते. त्यांतीलही बऱ्याच लंडनमध्ये १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. १९१६ साली रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून आराई काम्पो हा जपानी चित्रकार भारतात आला. त्याने अजिंठ्यात राहून नकला केल्या आणि त्या टोकियोला नेल्या. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्याही गेल्या.

जपानचा माणूस समुद्र ओलांडून अजिंठ्याला का आला? कारण अजिंठ्याच्या चित्रांची वंशावळ त्याच्या देशापर्यंत पोहोचली होती. जपानमधील नारा परगण्यात होर्यूजी नावाचे प्राचीन विहार आहे. तेथील मुख्य मंदिराच्या भिंतींवर सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्व पाहताना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण व्हावी, असे अभ्यासक सांगत आले आहेत. मधल्या वाटेवर मध्य आशियातील किझिलची लेणी आहेत, चीनमधील तुनहुआंगची लेणी आहेत. उलट दिशेने ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात आला. येथे शंभरावर संघाराम आणि पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने लिहून ठेवले. अशी ही जा-ये हजार वर्षे चालू होती. होर्यूजीची ती भित्तिचित्रे मात्र २६ जानेवारी १९४९ रोजी, त्यांच्याच नकला करण्याचे काम चालू असताना लागलेल्या आगीत होरपळली. त्या धक्क्यातून जपानने १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला आणि २६ जानेवारी हा दिवस वारशाच्या आगीपासून संरक्षणाचा दिवस म्हणून ते आजही पाळतात. आपल्याला २६ जानेवारी दुसऱ्या कारणाने माहीत आहे. राखायच्या गोष्टी कायद्याने राखाव्या लागतात, हे दोन्ही देशांनी त्याच सुमारास ओळखले असे म्हणता येईल.

त्याच जपानमध्ये, क्यूशू बेटावरील दाझायफू येथे १६ ऑक्टोबर २००५ रोजी एक राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. टोकियो, क्योटो आणि नारा येथील तीन राष्ट्रीय संग्रहालये एकोणिसाव्या शतकातली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी हे चौथे उभे राहिले. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याचे कायमस्वरूपी प्रदर्शन ‘आमची संस्कृती किती थोर’ हे सांगण्यासाठी मांडलेले नाही. आमची संस्कृती आशियातील इतरांशी झालेल्या देवाणघेवाणीतून कशी घडली, हे दाखवणे हाच त्याचा हेतू आहे. समुद्राच्या वाटा आणि आशियाचे रस्ते, असे त्या प्रदर्शनाचे सूत्र आहे. अश्मयुगापासून ते जपानने आपली दारे बाहेरच्यांना जवळपास बंद केली त्या काळापर्यंतचा प्रवास तेथे पाच भागांत मांडला आहे. मुलांसाठी वेगळे दालन आहे. शेजारच्या देशांची खेळणी आणि वाद्ये तेथे मुलांनी हातात घेऊन पाहायची असतात. आपल्यापाशी जे आहे त्यातले बरेचसे दुसऱ्याकडून आले, हे एखाद्या राष्ट्राने आपल्या राष्ट्रीय संग्रहालयात सांगावे, याला मोठे मन लागते.

आता आपल्याकडे वळू. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते असे एखादे कायमचे दालन मांडायचे ठरवले तर त्यात काय ठेवता येईल? तलवारी, सिंहासने, जिरेटोप यांना आपल्याकडे तोटा नाही आणि त्यांची जागा त्यांना मिळालेलीच आहे. पण या भागाचा आशियाशी जो व्यवहार झाला तो तलवारीने झालेला नाही. तो कुणी केला, हे सांगायला आपल्याकडे अक्षरे शिल्लक आहेत.

रायगड जिल्ह्यात मांदाडच्या खाडीकाठी कुडा नावाचे गाव आहे. तेथे बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एका लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरले आहे की, हे लेणे करहाकडच्या महिक नावाच्या लोहवणिकाचे देयधम्म आहे. करहाकड म्हणजे आपले कराड. लोहवणिक म्हणजे लोखंडाचा व्यापारी. देयधम्म म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कराडचा एक लोखंडवाला घाट उतरून कोकणात गेला, जिथून गलबते अरबस्तानाकडे आणि पश्चिमेकडे जात त्या किनाऱ्याजवळ त्याने भिक्खूंच्या वर्षावासासाठी एक लेणे खोदवले, आणि आपले नाव, गाव, धंदा तेथे लिहिला. राजाची पदवी नाही, कुळाचा डौल नाही. नाव, गाव, धंदा आणि दान, बस्स.

कराडचे नाव याहूनही दूर गेले आहे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भरहुत येथे इसवीसनापूर्वीचा स्तूप होता. त्याचे कठडे आणि स्तंभ आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांवरील दानलेखांत ‘करहकट’ हे नाव येते आणि अभ्यासक ते कराडशी जोडतात. एका लेखात तर दान एका माणसाचे नाही, करहकटच्या निगमाचे, म्हणजे साऱ्या व्यापारी नगराचे आहे. कराडच्या माणसांनी वर्गणी काढून शेकडो कोस दूरच्या स्तूपाला दान पाठवले! आपण आज विहारासाठी वर्गणी काढतो ना, ती परंपरा दोन हजार वर्षांची आहे, हे आपल्या पोरांना कधी सांगितले आहे काय?

त्या दिवशी सकाळी आम्ही ज्या जखीणवाडीच्या लेण्यांत बसलो होतो, तो डोंगर साठाहून अधिक लेण्यांचा आहे. मोठ्या चैत्याच्या दर्शनी भागाशी एका बाजूला धम्मचक्र आणि दुसऱ्या बाजूला सिंह कोरले आहेत. साताऱ्याचा इंग्रज अधिकारी बार्टल फ्रियर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या लेण्यांवर टिपण लिहिले. त्या डोंगरावर एक झिजलेला लेख आहे. गोपाळाचा मुलगा संघमित्र याने हे लेणे दान केले, एवढाच त्याचा अर्थ. मुलांना मी तो अर्थ सांगितला तेव्हा एक पोरगा म्हणाला, “आमच्या गल्लीतबी गोपाळ हाय.” सगळे हसले. पण इतिहास जवळचा वाटतो तो असाच.

शेजारच्या कोल्हापुरात १८७७ साली एका स्तूपाच्या जागी दगडी करंडक सापडला. त्यावर ब्राह्मीत दोन छोटी वाक्ये आहेत. ब्रह्माचे दान. धम्मगुत्ताने करविले. म्हणजे ज्याने पैसा दिला त्याचेही नाव आहे आणि ज्याच्या देखरेखीखाली काम पुरे झाले त्याचेही आहे. कार्ल्याच्या चैत्यात याच्याही पुढची गोष्ट सापडते. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दार केले, असे त्या दारापाशीच कोरलेले आहे. त्याच चैत्याचे खांब यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या लोकांनी दिले आहेत. त्यांच्या शेजारी गंध विकणारा आहे, आणि कुड्याला गेलात तर माळी, वैद्य आणि भिक्खुणीही भेटते. परदेशी माणूस, सुतार, माळी, लोखंडवाला आणि बाई या सगळ्यांची नावे एकाच प्रकारच्या अक्षरांत, एकाच मापाने कोरलेली आहेत. बुद्धाच्या संघाने समता सांगितली, तशीच ती दगडावर लिहूनही ठेवली.

मग ही नावे गेली कुठे? ती पुसली गेली, कारण वाचणारे उरले नाहीत. लिपी विसरली गेली आणि लोक म्हणू लागले की, पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली. महाराष्ट्रात जिथे जावे तिथे ‘पांडवलेणी’ सापडतात. छिन्नी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कोरणाऱ्या पाथरवटाचा घाम, आणि त्याला अन्न देणाऱ्या महिकाचा पैसा, दोन्ही एका कथेने गिळून टाकले. नाव पुसायला हातोडा लागतोच असे नाही. वाचणारा नाहीसा झाला की नाव आपोआप पुसले जाते. ज्यांना अक्षर नाकारले त्यांचा इतिहास नाकारणे किती सोपे असते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

औंधहून परतल्यावर त्या मुलीचा प्रश्न डोक्यात घेऊन मी मिरजेला गेलो. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभरातल्या गवयांच्या हातात असतो. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये करणारी घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी घासणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढाया संपल्या, तलवारींचे काम गेले आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांचे हात भोपळ्याकडे आणि तारेकडे वळले. ‘सतार’ हा शब्द फारसी. ‘तंबोरा’ या शब्दाचे नाते पश्चिम आशियातील ‘तंबूर’शी. भोपळा मात्र पंढरपूर भागातल्या शेतकऱ्याच्या रानातला. इराणचा शब्द, माणदेशाकडचा भोपळा, मुसलमान कारागिराचा हात, आणि त्यावर गाणारा कोणत्याही जातीधर्माचा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेतच घर केले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि ते तेथील दर्ग्याच्या परिसरात विसावले आहेत. आशियाई देवाणघेवाणीचे याहून जिवंत प्रदर्शन कोणते हवे? मैफलीत गवयाचे नाव छापतात, साथीदाराचे छापतात. ज्या तंबोऱ्यावर सूर उभा राहतो तो कुणी केला, हे कितीशा निमंत्रणपत्रिकांवर छापलेले असते?

येथवर दुसऱ्यांना प्रश्न विचारले. आता आपल्याला विचारू.

१९५६ सालची धम्मक्रांती ही आधुनिक काळातील आशियाई देवाणघेवाणीची सर्वांत मोठी घटना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. १९५० साली बाबासाहेब श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषदेला गेले, १९५४ साली रंगूनच्या परिषदेला गेले. रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात स्थापन केली. १९५६ च्या नोव्हेंबरात ते काठमांडूच्या परिषदेत बोलले. कराडच्या महिकाने किनाऱ्यापर्यंत नेलेले दान, अठराशे वर्षांनी ब्रह्मदेशाहून, सिंहलद्वीपाहून आपल्या घरी परत आले, असेच म्हटले पाहिजे. एक योगायोग पाहा. याच काळात औंधच्या राजांचे चिरंजीव अप्पा पंत हे भारत सरकारचे राजकीय अधिकारी म्हणून सिक्कीममध्ये होते. गंगटोक येथे तिबेटी विद्येच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली, तिची पायाभरणी १९५७ साली दलाई लामांनी केली आणि १९५८ साली पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. या कामात अप्पा पंतांचा वाटा होता. ते नाव नोंदले गेले, योग्यच झाले. पण त्याच वर्षांत सातारा आणि सांगलीच्या खेड्यापाड्यांतून उपाशीपोटी, उधारीच्या तिकिटाने नागपूरला गेलेली जी माणसे होती, त्यांची नावे कुठे आहेत?

आमच्या वस्तीतील विहाराचीच गोष्ट सांगतो. तेथील बुद्धमूर्ती थायलंडहून आलेली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत अशा मूर्ती आहेत. विहाराच्या दारावर संगमरवरी पाटी आहे. ‘यांच्या शुभहस्ते’ म्हणून एका पुढाऱ्याचे नाव, प्रमुख पाहुण्यांची नावे, समितीच्या पदाधिकाऱ्यांची नावे. विहार बांधला तो मात्र वस्तीतल्या बायांनी. मार्केट यार्डात हळद निवडायला, पोती शिवायला जाणाऱ्या या बायांनी दर आठवड्याला दोन-दोन, पाच-पाच रुपये दिले. त्याची एक वही होती. नाव, रक्कम, तारीख. कुणाचा अंगठा, कुणाची वेडीवाकडी सही. ती वही विहाराच्या लोखंडी कपाटात होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. विहारात गळ्याइतके पाणी होते. मूर्ती आम्ही आधीच वर हलवली होती, बाबासाहेबांचा फोटो हलवला होता. वही हलवावी हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. पाणी उतरल्यावर कपाटात चिखलाचा लगदा निघाला. संगमरवरी पाटी धुतली, ती स्वच्छ झाली. तिच्यावरची नावे जशीच्या तशी आहेत.

औंधहून आल्यावर मी त्या बायांपैकी एका आजींकडे गेलो. म्हटले, “आजी, तुमच्यासोबत वर्गणी द्यायला कोण कोण होतं, आठवतं का?” त्यांनी अकरा नावे सांगितली. बाराव्याला अडखळल्या. “कवठ्याची होती बघ ती, काळीसावळी, लई देत हुती. नाव न्हाई आठवत आता मला.” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. कुड्याच्या कातळात कराडच्या महिकाचे नाव अठराशे वर्षे टिकले. आमच्या वस्तीतल्या त्या बाईचे नाव चाळीस वर्षेसुद्धा टिकले नाही. दोष कुणाचा? पुराचा? मनुवादाचा? थोडा त्यांचा असेल. पण पाटीवर पुढाऱ्याचे नाव कोरायला पैसे दिले तेव्हा आम्ही सगळे तिथे टाळ्या वाजवीत होतो, हे कसे विसरणार?

म्हणून चळवळीतील बंधू-भगिनींपुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो.

पहिली, शासनाकडे मागणी. कराड परिसरात आशियाई देवाणघेवाणीचे एक कायमचे दालन व्हावे. त्यासाठी कोट्यवधींची इमारत नको. कुड्याच्या महिकाच्या लेखाचा ठसा, भरहुतच्या करहकट लेखांचे ठसे, जखीणवाडीच्या संघमित्राचा लेख, अजिंठा ते होर्यूजी हा चित्रांचा प्रवास, मिरजेचा तंबोरा, आणि १९५४ ते १९५६ या वर्षांतील बाबासाहेबांचे प्रवास एवढे जरी एका छपराखाली आले तरी पोरांना कळेल की, आपले गाव जगाच्या नकाशावर होते आणि ते कष्टकऱ्यांनी नेऊन ठेवले होते. जखीणवाडीला जाणाऱ्या शाळांच्या सहलींना हे लेख वाचून दाखवणारा माणूस मिळाला, तरी सुरुवात होईल.

दुसरी, प्रत्येक संग्रहालयापुढे ठेवण्याची विनंती. वस्तूच्या पाटीवर ती कुणाच्या संग्रहातली हे लिहिता, तसे ती कुणी घडवली तेही लिहा. नाव ठाऊक नसेल तर ‘कारागिराचे नाव नोंदवलेले नाही’ असे स्पष्ट लिहा. हे एक वाक्यसुद्धा पाहणाऱ्याला विचार करायला लावील. रिकामी जागा दिसली तरच ती भरावीशी वाटते.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे, तिला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. मूर्ती कोणत्या देशातून आली, कोणत्या साली आली, कुणी आणली, कोणत्या भन्तेंनी वंदना घेतली, पायाचे दगड कुणी उचलले, दोन रुपये कुणी दिले, सगळे लिहा. वयोवृद्धांकडे आजच जा, उद्यावर टाकू नका. दोन प्रती करा, एक विहारात आणि एक पुराच्या पाण्यापासून दूर कुणाच्या तरी घरी. आता तर हातातल्या मोबाइलवर पानांचे फोटो काढता येतात. पुढाऱ्याची पाटी हवी असेल तर लावा, पण तिच्या शेजारी या नावांची पाटी तेवढ्याच मापाची लावा. कार्ल्याच्या सुताराला जो मान मिळाला तो आपल्या मायबहिणींना द्यायला आपल्याला कुणी अडवले आहे?

एका नोंदीची ताकद काय असते, हे साताऱ्याला कळते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे एका मुलाचे नाव लिहिले गेले. भिवा रामजी आंबेडकर. लिहिणाऱ्याला त्या नावाचे पुढे काय होणार याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने रोजच्यासारखी एक ओळ लिहिली. त्या एका ओळीमुळे आज ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. २०१७ सालापासून शासनानेही तो मान्य केला आहे. कोणती ओळ पुढे मोलाची ठरेल हे लिहिताना कळत नसते. म्हणूनच सगळ्या ओळी लिहायच्या असतात.

आमच्या विहारात नवी वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या आजींनी सांगितलेली अकरा नावे आहेत. ती औंधला प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच लिहिली, अक्षर तिचे चांगले आहे. बारावी ओळ तिने मोकळी ठेवली आहे आणि समोर लिहिले आहे, ‘कवठ्याची बाई, नाव विचारायचे आहे.’ आता आम्ही कवठ्याला जाणार आहोत.